पासंग

संक्रांतीपासून पावत्या मराठीत छापू लागलो,
फाल्गुनात मार्केट यार्डातून पारिसा चौगुल्यांचा फोन:
"मॅडम, एकाच बाईचं वजन पावतीवर फुगतंय.
गोदामात तोललं की पोत्यामागं एकशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम कमी.
दर खेपेला तेवढंच."

बाई समडोळीची. काट्यावरचा भीमाप्पाही समडोळीचा.
एवढं पुरतं यार्डात.

मला तो आकडा खटकला.
माणसानं हात मारला तर कधी दीडशे, कधी दोनशे.
हे असं पाठ केल्यासारखं कोण चोरतं?

सांगलीला आले. पेढीची मागची खोली,
कीबोर्डच्या फटीत हळद, स्पेसबार पिवळाधमक.
डीबगर लावला.
पहिला थांबा, पावती सुरू होते तिथं: पासंग सातशे.
रिकाम्या पोत्याचं वजन, ग्रॅममध्ये.
दुसरा थांबा, बेरजेपाशी: पासंग पाचशे बारा.
मधल्या दोनशे ओळींत पासंगाचं नावसुद्धा कुणी घेत नाही.

एकेक ओळ चालत गेले,
रात्री कुलपं ओढून बघणाऱ्या गुरख्यासारखी.
सगळी बंद.
"सापडलं?"
"नाही."
"मग बाईच..."
"नाही."

हुंडेकरांच्या नावानं पावती काढली, मुल्लांच्या, आवटींच्या.
सातशे, सातशे, सातशे.
गव्हाणेबाईंच्या नावानं काढली. पाचशे बारा.
काट्यावर पोतं नव्हतंच.
भीमाप्पा जेवायला गेला होता.

मग ओळींना विचारायचं सोडलं, जागेला विचारलं.
पासंगाच्या पत्त्यावर पहारा बसवला:
इथं जो कुणी लिहील त्याचा हात धर.
आणि म्हटलं, चालू दे.

हात धरला गेला तो नावाचा.

ज्ञानेश्वरीबाई गव्हाणे.
इंग्रजीत होत्या तेव्हा तेवीस बाइटांत मावायच्या.
मराठीत चिन्हामागं तीन:
ज, मग त्याचा पाय मोडणारा हलंत, मग ञ, मग काना...
बोटांवर मोजलं. एकवीस चिन्हं, त्रेसष्ट बाइट,
मधली मोकळी जागा एक. चौसष्ट.
नावाचं घर चौसष्टचंच.
दारावरची तपासणी म्हणते: चौसष्टहून लहान किंवा समान.
बाई समान.
नाव भिंतीला पाठ लावून बसलं,
आणि नाव संपलं म्हणून शेवटी जे एक शून्य ठेवतात
ते पडलं शेजारच्या घरात.
सातशेचा धाकटा बाइट पुसला गेला, एकशे अठ्ठ्याऐंशी.
उरले पाचशे बारा.

'समान' कुणी लिहिलं हे बघायला
फाइलच्या डोक्यावर गेले नाही.
कंसाआधी अशी जागा सोडायची खोड माझीच.
सहा वर्षं झाली. तेव्हा ही बाई
माझ्या हिशेबात इंग्रजी होती.

शेठना सांगितलं. त्यांनी भीमाप्पाला मोठ्यांदा हाक मारली,
तो आला, आणि काय बोलावं सुचेना
म्हणून त्याच्यासाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, बारा पोती घेऊन.
ऐकून घेतलं सगळं. म्हणाल्या,
"मग माजं नाव बारीक करायचं का?"

खरं तर 'समान' खोडलं असतं तरी भागलं असतं.
पण मग यंत्रानं त्यांनाच सांगितलं असतं,
एक अक्षर कमी करा.
रात्री बसून मी घर वाढवलं होतं.
"नाही," म्हटलं. "पुरं छापतंय आता."

त्यांनी पावती घेतली, न वाचता घडी घातली, निघाल्या.
दारातून परत वळल्या.
"आन् मागच्या खेपांचं? ते सव्वादोन-सव्वादोन किलो
शेठला माघारी द्यायचं न्हवं?"

शेठ काट्याकडे बघत राहिले.
काटा शून्यावर होता.