परतीची मुदत

एक लाख शहाऐंशी हजार.
खोकं उघडल्यापासून सात दिवस,
सातवा दिवस उद्या, दुपारी बारापर्यंत.

लेन्स कपाटात चादरींच्या घडीत झोपवली आहे.
लावण्या कपाट उघडते, साडी काढते,
तिच्याकडे बघत नाही. पाहुण्याकडे बघत नाहीत तशी.

जुनी पन्नासची आहे माझ्याकडे.
एका कोपऱ्यात बुरशीची जाळी,
रिंग फिरवली की वाळू चावल्यासारखी कुरकुरते.
तिच्यावर अकरा वर्षं साखरपेठेतली लग्नं काढली,
बारशी, साठीशांती,
एकदा एका बोकडाचा पासपोर्ट साइज
(मालकाची हौस).
बुरशीबद्दल कुणीच विचारलं नाही.
बोकडानेही नाही.

नवी जड. भरल्या तांब्यासारखी मनगटात उतरते.
पहिल्या दिवशी कंबर तलावावर गेलो,
चव्वेचाळीस डिग्री, माणूस नाही.
एक भेळवाला होता, त्यालाच काढला.
पापणीवर उडालेला लिंबाचा थेंब दिसला
आणि मागची अख्खी बाग
गरम भाकरीवरच्या लोण्यासारखी विरघळली.
त्या रात्री मी ती परत करणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नरसम्माला दारात बसवलं.
मांडीवर सूप, सुपात विड्या,
नखाखाली अडकलेला तंबाखूचा कण न् कण.
स्क्रीनवर बघून ती म्हणाली,
"एवढी महाग काच घेतलीस
आणि मला म्हातारीच काढलीस?"

खरंच आहे तिचं.
रात्री दोन वाजेपर्यंत
काचेने जे दाखवलं ते मी माऊसने पुसत बसतो,
गिऱ्हाइकाला गाल साबणाच्या वडीसारखे लागतात.
मग तेच फोटो मोबाईलवर जातात,
काडेपेटीएवढे होऊन.

चौदा लग्नं म्हणजे ही लेन्स.
पैसे वेळेवर आले नाहीत तर वीस.
किंवा न्हाणीघराचं दार आणि निहारिकाची अकरावी.
हिशोब मी तीन वेळा केला,
तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं
आणि तिन्ही वेळा मला ते पटलं नाही.

आज संध्याकाळी दोन प्रिंट घेऊन आलो.
एकच लग्न, एकच मामा, आहेराचा टॉवेल खांद्यावर,
एक जुनीतून, एक नवीतून.
नायना पाण्याची वाट बघत ओट्यावर बसले होते,
आज चौथा दिवस, नळाची पाळी आमची.

एकतीस वर्षं टॉवेल कारखान्यात चेकर.
निवृत्तीला त्यांना घड्याळ दिलं त्यांनी.
हे पितळेचं दुमडतं भिंग मात्र दिलेलं नाही,
ते नुसतं घरी आलं.
इंचात धागे किती, एवढंच बघायचं त्यातून.

नवरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
भिंग टेकवलं टॉवेलच्या काठावर.
जुन्या प्रिंटवर: "धूर आहे हा."
नव्या प्रिंटवर ओठ हलायला लागले,
ओकटी, रेंडू, मूडू,
तेविसाला थांबले.

"इथं उभा धागा तुटलाय."
मला काही दिसेना.
"आमचाच माल. काठ बघ की.
सेकंडमध्ये जायला पाहिजे होता, पास कुणी केला?"
मी बोललो नाही.
त्या काठाचा माल एकाच टेबलावरून जायचा,
आणि ते टेबल कुणाचं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बराच वेळ भिंग तिथंच होतं.
मग सदऱ्याच्या खिशातून निळा खडू निघाला,
अजून असतो,
आणि माझ्या चकचकीत प्रिंटवर
मामाच्या खांद्याशी
एक बारीक फुली.

"हप्ता किती?"
"आठ हजार."
भिंग मिटलं. टिक्.
नळाने आधी नुसती हवा ओकली.

कुरिअरवाल्याचा आत्ताच फोन येऊन गेला,
उद्या साडेअकराला येतो म्हणाला, अशोक चौकातून कसं यायचं?
मी रस्ता नीट समजावून सांगितला.
मग म्हणालो, पण येऊ नका.