बारा मिनिटं हलायचं नाही

दरवर्षी मृतांचा सण सरला, कबरींवरची शेवंती करपली
की कारखान्यातून फोन येतो:
ओर्नेल्ला, दुआर्तेची सीट ओतायची आहे,
मंगळवार मोकळा ठेव.

यंदाही आला.
नाव सांगितलं नाही. उंची तेवढी सांगितली.
एकशे त्र्याऐंशी.

दुआर्ते एकशे एकोणसत्तर.
बुटांसकट.

चौदा हिवाळे मी या माणसाचा साचा काढते आहे.
पिशवीत फेस ओतायचा, वर त्याला बसवायचं.
फेस फुगतो, तापतो, अंगाच्या खाचाखोचांत शिरतो
आणि बारा मिनिटांत दगड होतो.
पेपरवाल्यांकडे त्याच्या एकतीस शर्यती आहेत,
तीन जगज्जेतेपदं, शॅम्पेनने भिजलेले फोटो.
माझ्याकडे पाठ आहे.
डावा खांदा बोटभर उतरलेला, तो कुठल्या अपघाताने नाही,
बापाच्या अक्रोडावरून पडला होता आठव्या वर्षी.
उजवा खुबा नंतरचा. तिथे मी मऊ पट्टी देते, कुणाला न सांगता.
आणि बाप गेला त्या हिवाळ्यात
फेस दीड लिटर जास्त लागला.
तेवढा तो कमी झाला होता.

काल आला. न कळवता.
धुकं असं की अंगणातल्या झाडाची पर्सिमन
नुसतीच लोंबकळत होती, केशरी, फांदीवाचून.
हातात कागदात गुंडाळलेले चेस्टनट.
म्हणाला, फोन आला?
मी म्हटलं, कुणाचा?

मला खोटं बोलता येतं.
भिंतीवरच्या पाटीला येत नाही.
खडूचा आकडा त्याने वाचला,
आणि तळवा आपल्या डोक्याच्या वर धरला, हवेत,
बरोबर तेवढ्या उंचीवर.
टोपी चढवावी तसा.
'पोरगा चांगला आहे,' म्हणाला.
'ब्रेक उशिरा मारतो. मीही मारायचो.'

मग बेर्तानीसाहेबांचं निघालं.
साहेब म्हणतात, बघू.
उन्हाळ्यात म्हणाले, बघू. सप्टेंबरात, पावसात दुसरा आला तेव्हाही,
खांद्यावर हात ठेवून, बघू.
आता म्हणे आकडे बसत नाहीत.
'मी बसतो ना,' दुआर्ते म्हणाला, 'चौदा वर्षं तेवढंच केलं,'
आणि स्वतःच हसला, मग हसू थांबवता येईना त्याला,
मी खिडकी पुसत राहिले.

शेल्फावर दोन डबे उरले होते.
'ओत,' म्हणाला.
ऑर्डर कुणाच्या नावावर लिहू?
उत्तर नाही. जोडे काढले, जाकीट काढलं,
पोट आत घेतलं, जे पूर्वी घ्यावं लागत नसे.

मी ओतलं.
बारा मिनिटं हलायचं नाही हे त्याला सांगावं लागत नाही.
हात पुढे, नसलेल्या स्टिअरिंगवर.
एरवी डोळे मिटून तो अख्खा ट्रॅक फिरून यायचा,
अंगठे वळणावळणाला थरथरायचे, मी मोजायची.
काल अंगठे गप्प होते.
सातव्या मिनिटाला वाटलं, झोपला.
नवव्याला म्हणाला, गरम लागतंय गं, छान लागतंय.

निघताना म्हटलं, धुकं उतरू दे.
थांबला नाही.
फाटकापाशी खताचा ट्रॅक्टर चालला होता,
त्याच्या मागे आपली छोटी गाडी लावली
ताशी पंधराने,
पुढे काढण्याचा प्रयत्नही नाही.
लाल दिवे बराच वेळ दिसत होते, मग एकच,
मग वाटलं दिसतोय.

साचा टेबलावर आहे. आतून कोमट.
कडेला संघाचं नाव कोरायला जागा असते,
तिथे मी तारीख घातली.
उद्या एकशे त्र्याऐंशी येईल. कोवळी पाठ, सरळ,
तिचाही साचा मी नीटच काढीन, माझं कामच ते.

चेस्टनट भाजले रात्री.
निम्मे किडके निघाले.
बाकीचे गोड होते.