हाकेरे खुर्द

ग्रामपंचायतीच्या फॉर्मवर एक रकाना आहे:
गावाचा इतिहास, पाच ओळींत.
माझ्या आधीच्या ग्रामसेवकाने लिहून ठेवलंय – निरंक.

मी पारोळ्याचा. इथे येऊन दीड वर्ष झालं.
बुद्रुक कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही.
फक्त खुर्द आहे, अनेरच्या वरच्या वळणाला,
सातपुडा जिथे पाय लांबवून बसतो
आणि कॅनॉलचं पाणी पोचता पोचता राहतं.

टेकाडावर चार भिंती, एक झरोका.
लोक म्हणतात महाल.
मी पावलांनी मोजला,
आमच्या शाळेच्या दोन खोल्यांएवढा भरला.

बऱ्हाणपूरचा कुणी सुलतान
(तीन म्हाताऱ्यांनी तीन नावं सांगितली)
शिकारीला म्हणून तीन रात्री राहिला इथे.
एक नीलगाय मिळाली, काही मोर.
वाघ नाही.
जाताना म्हणाला, दिवा तेवत ठेवा, मी आलोच.

म्हणून मागे राहिला एक भिस्ती, एक नालबंद,
आणि डोंगरातून धरून आणलेले चाळीस हाकारे,
ज्यांना परत जा असं कुणी म्हटलंच नाही.

दिव्याला तेल लागतं.
तेलाला तीळ, तिळाला वावर, वावराला बैल,
बैलासमोर सांजेला कडबा टाकणारं
कुणीतरी घरात लागतं.
असं गाव झालं.

सुलतान गेले, मोगल गेले, दिवा चालूच.
पेंढाऱ्यांना अंधारात गाव सापडलं
ते त्या दिव्यामुळेच.
त्या रात्रीनंतर पुन्हा कुणी तेल घातलं नाही.

पुढे तंबू घेऊन एक गोरा साहेब आला,
चिरे मोजून वहीत लिहून गेला.
तो गेल्यावर चिरे खाली उतरू लागले.
चावदस पाटलाच्या उंबऱ्याला एक,
पिठाच्या गिरणीखाली सहा.
छतातलं दगडी कमळ हापशाच्या ओट्यावर आहे,
बायका त्यावर हंडे टेकवतात.
पाकळ्या झिजून झिजून
आता त्यात पाणी साचतं,
चिमण्या पितात.

वाघ नंतर खूप आले म्हणे.
महालात वाघीण व्याली एका साली.
तेव्हापासून इथे म्हण आहे:
वाघ उना, राजा नही उना.
एसटी चुकली की म्हणतात.
डॉक्टरच्या खुर्चीकडे बघून म्हणतात.
माझ्या बंद दारासमोरही म्हणत असतील.

गेल्या मार्गशीर्षात रानडुकरं मक्यात घुसली.
रात्री दोनला गुमान पावरा रॉकेलचा डबा बडवत उठला,
मग पुरी गल्ली, थाळ्या, पराती,
एकाच्या मोबाइलवर कुत्र्यांचं भुंकणं.
कुणी कुणाला काही सांगितलं नाही
आणि वावराभोवती अर्धचंद्र तयार झाला,
भिस्त्याची पोरं डाव्या टोकाला,
तडवी उजव्या,
टेकाडाची बाजू सताड मोकळी.
मी ओरडलो, अरे, तिकडून निसटतील ना!
रुबाब तडवी डबा न थांबवता म्हणाला,
"ती बाजू राजानी शे, भाऊ."

डुकरं टेकाड चढली.
मादी पुढे, मागून सात पिल्लं,
झरोक्याच्या ऐन समोरून.
आत शिरली, पलीकडच्या ढासळल्या भिंतीतून
सातपुड्यात निघून गेली.

आम्ही खाली उभे. डबे गप्प.
सगळ्यांच्या माना वर, त्या रिकाम्या चौकोनाकडे,
कुणीतरी बाण सोडायचा राहिला असावा तशा.
मग एकजण खोकला
आणि आम्ही मका किती तुडवला ते बघायला वळलो.

फॉर्म सोमवारी तालुक्याला द्यायचाय.
पाच ओळींत बसत नाही.
निरंक तेवढं खोडलंय.