वाइनोसाठी टेप

डुलुथ. जानेवारी. सरोवराची वाफ पार रस्त्यापर्यंत आलेली.
लूथरन चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या,
भाजलेल्या बटाट्यांचा भलाथोरला ट्रे, कॉफीचं पिंप,
आणि टेबलावर मधोमध
मार्लिसच्या मुलाचा जुना टेपरेकॉर्डर.
नियम एकच : रडायचं असेल त्यानं जिन्यात जावं.

वाइनो सारेला टेकडीवरच्या इस्पितळात आहे.
मेंदूत डावीकडे रक्ताची गुठळी.
एकेचाळीस हिवाळे ज्याचं वाक्य
बर्फावरच्या चकतीच्या एक वीतही मागे पडलं नाही,
त्याला परवा ‘चमचा’ म्हणायला पाऊण तास लागला.

पहिला डेलबर्ट. ट्रक चालवायचा, आता गुडघे गेले.
मूस लेकच्या अलीकडे अडकलो होतो, म्हणाला,
वादळात, इंजिन बंद, रेडिओ चालू.
तू मध्येच म्हणालास, रस्त्याकडेला कुणी असाल
तर बोटं हलवून मोजा, दहा भरली की कळवा.
कळवणार कसं, गाढवा?
पण मोजली. दर जाहिरातीला मोजली.

मग अगाथा, पियानो सुरात लावणारी, जन्मांध.
तुम्ही दर सत्राआधी सांगायचात,
आपण आता डावीकडून उजवीकडे खेळतोय.
रेडिओसमोर सगळं गाव माझ्यासारखंच.
मला ते फार आवडायचं.

रॉय म्हणाला, त्र्याण्णवची फायनल,
तिघं ओरडले, चौऱ्याण्णव!
गोल कुणी मारला यावर बटाटे गार झाले.
टेपवर ते सगळं आहे.

एका बाईनं नाव सांगितलं नाही.
आपण हरलो की आमच्या घरात भांडी फुटायची, म्हणाली.
शेवटचा भोंगा वाजला तरी
तुम्ही निकाल सांगण्याआधी जरा रेंगाळायचात.
तेवढ्यात मी मुलांना वरच्या खोलीत पाठवायचे.
ती जिन्यात गेली नाही. कॉफी ओतून घेतली.

माझी पाळी आली.
मी यशवंत कोळपे, कागदगिरणीच्या लॅबमधला.
इथे आलो तेव्हा बर्फ म्हणजे मला काडीवरचा गोळा, काला खट्टा.
त्यावर पायांना पाती बांधून माणसं धावतात
हे मला रात्रपाळीत, लगद्याच्या वासात, वाइनोनं सांगितलं.
एकदा त्याच्या कोड्यात मी थर्मास जिंकलो
आणि माझ्या नावाशी तो अडखळला.
गाणं लावून फोन धरून ठेवला. विचारलं,
जीभ नेमकी कुठे लावता तुम्ही?
टाळूला, म्हटलं, मागे वळवून. आणि सोडून द्यायची.
आठवडाभर गाडीत घोकत होता म्हणे.
पुढच्या शनिवारी, दुसऱ्या सत्रानंतर,
अख्ख्या लेक सुपीरियरवरून ‘कोळपे’ गेलं,
असं स्वच्छ, की माझ्या नातवाला अजून जमत नाही.
साहेब मला तोवर कोल्प म्हणायचा. सोमवारी सुधारला.

हे सगळं सांगायचं होतं. यंत्राचं लाल टिपूस बघून
एवढंच बोललो, तेही अर्धं मराठीत :
वाइनो, चमचा राहू दे.
जीभ वळव. टाळूला लाव. सोड.
ळ.
घाई नाही. मला आयसिंगचा नियम कळायला
दोन हिवाळे लागले होते.

नंतर कुणाला काही सुचेना.
खुर्च्यांच्या घड्या, उरलेले बटाटे कोण नेणार,
बाहेर बर्फ खरवडणाऱ्या गाडीची घरघर,
कुणाचा तरी हातमोजा सापडत नाही.
मार्लिस बटण बंद करायला वाकली,
तर डेलबर्टनं तिचा हात धरला.
तो कधी लगेच बंद करायचा का?
खेळ संपला तरी काचेतून खाली बघत
सांगत राहायचा, हिरवी गाडी सुरू होत नाहीये,
दोघं ढकलतायत, एक पोरगं खांद्यावर झोपलंय,
फाटकापाशी गर्दी आहे, पण सरकतेय.