दोन तास चाळीस मिनिटं

दिवाडीची फेरीबोट धक्क्याला लागली की
स्कूटरवाल्यांच्याही आधी चढते कोन्स्तान्साबाय,
उजव्या कठड्याला पाठ लावते
आणि मी दिसलो की विचारते,
"लिस्बनाहून लंडन किती रे?"

मी पणजीत तिकिटं काढून देतो.
माझ्या टेबलावरून अर्धा गाव उडाला.
कोणाचा झील कुठल्या गोदामात रातपाळी करतो,
कोणाच्या बॅगेत सुके बांगडे सापडले,
सगळं मला ठाऊक असतं.

"पंधराशे साठ किलोमीटर, बाय. सुमारे.
दोन तास चाळीस मिनिटं.
समोरून वारा असला तर थोडं अधिक."

आकडे तिला पाठ आहेत.
तरी विचारते, जसा माणूस इसवणाचा भाव विचारतो
आणि पेडवे घेऊन घरी जातो.

"म्हणजे आपल्या फेरीच्या किती खेपा?"
सात मिनिटांची एक धरली तर तेवीस.
"तेवीसच? एवढ्या तर हा कुष्टा
जेवणाआधी मारतो."
वर सुकाणूपाशी कुष्टा हसतो. त्याला इंजिनात काही ऐकू गेलेलं नसतं.

आव्हेलिनो लिस्बनच्या विमानतळावर बॅगा चढवतो.
ज्युडित लंडनच्या विमानतळावर फरशी पुसते,
सामानाच्या पट्ट्याजवळ, पहाटे चार ते बारा.
त्याने उचललेली एखादी बॅग
तिच्या बादलीशेजारून जात असेल, रोजच.
हे मी बायला कधी बोललो नाही.
तिला सुचलं नसेल असंही नाही.

बाप गेला तेव्हा ज्युडित मंगळवारी पोचली,
आव्हेलिनो शुक्रवारी.
पेटी बुधवारपर्यंतच थांबली.
ती म्हणाली, मुद्दाम उशीर केलास.
तो म्हणाला, मुद्दाम घाई केलीस.
सहा वर्षं झाली. तेवढीच दोन वाक्यं.

बायच्या घरी भिंतीवर दोन घड्याळं आहेत.
एक आपलं.
दुसरं दोघांचं, कारण तिकडे वेळ एकच,
लिस्बनात सहा तर लंडनातही सहा.
वर्षातून दोनदा ती स्टुलावर चढून
त्याचे काटे सरकवते.
"एकाच घड्याळात राहतात रे दोघं," म्हणते,
"आणि बोलत नाहीत."

आज तिने रुमाल सोडला.
सुपारीचे पैसे, घडी घालून घालून मऊ झालेले.
"एक तिकीट काढ."
"कोणाच्या नावाने, बाय?"

मांडवीवरून खारा वास आला.
एक बार्ज समोरून आडवी गेली,
कुष्टाने वेग कमी केला,
आम्ही मध्येच हललो थोडे, जागच्या जागी.

"तो गेला तर तो वाकला.
ती गेली तर ती वाकली.
मग उरलेला आयुष्यभर ताठ.
तू सांग, तू इतक्या लोकांना पाठवलंस."

मी म्हटलं, भाडं रोज बदलतं.
"बदलू दे."
मी म्हटलं, नावाशिवाय तिकीट निघत नाही.
"नाव उद्या सांगते."
मग हळूच, "हातातल्या पिशवीत किती किलो चालतं?
बिबिंक जड असते."

फळी खणकन पडली. स्कूटरी गुरगुरल्या.
बाय उतरली नाही. तिला जुन्या गोव्यात काम नव्हतंच.
ती तशीच परत गेली, त्याच कठड्याला टेकून.

दुकानात वहीत लिहिलं:
लिस्बन, लंडन. माणूस एक. पैसे जमा.
दोन गावांच्या मध्ये बाण काढायचा असतो,
तेवढी जागा सोडली आहे.