एक तास जवळ

सत्तूची पोरगी मोबाईलमध्ये बघून सांगते :
किन्शासा ते किसांगानी, विमानाने
बाराशे किलोमीटर आणि वर थोडे.
वेळ दोन तास.
थोडे म्हणजे किती गं?
उभा जन्म जॉबरकीत गेला माझा,
एक तार चुकली की चादरीवरचा मोर लंगडा होतो.

सत्तू आज निघालाय तिकडे
टॉवरचे जनरेटर बघायला.
परवा म्हणाला, नदीनेही जाता येतं,
बोटीला तीन आठवडे लागतात, कधी पाच,
कोंबड्या, सायकली, पोटुशी बाई, सगळं एकाच फळीवर.
आणि रस्ता?
रस्ता नकाशात आहे, नान्ना.

मी पाटीवर मांडून पाहिलं.
नव्वद इंची चादर, टोकाला टोक जोडत गेलं
तर सव्वापाच लाख लागतील.
माझ्या मागावर दिवसाला आठ.
दोनशे वर्षं निघाली,
शिवाय लाईट जाणार,
शिवाय बीम वेळेवर येणार नाही.
खडू ठेवून दिला.

बालम्माला असले हिशेब लागत नाहीत.
दीड वाजता, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ,
तिने सूप मांडीवर ओढलं
आणि पानाला कात्री लावली.
"उडालं असेल," म्हणाली,
बोटं न थांबवता.

बाहेर अक्कलकोट रोडवर टेम्पोच्या सावलीत
कुत्रं आणि ड्रायव्हर, दोघंही आडवे.
मी कधी विमानात बसलो नाही.
होटगी रोडच्या धावपट्टीच्या तारेपाशी मात्र
एकदा सायकल टेकवून उभा होतो,
सत्तू खांद्यावर, चार वर्षांचा.
तासभर काही आलं नाही.
मग एक टिटवी उठली गवतातून
आणि हा टाळ्या वाजवत राहिला
घर येईपर्यंत.

साडेतीनला सुपात दोनशे दहा बिड्या.
"एवढं लांब आहे," ती म्हणाली
आणि पंचवीसचा कट्टा बांधायला घेतला.

चारच्या पुढे फोन आला.
पोचलो. ऊन आपल्यासारखंच, पण ओलं.
इथलं घड्याळ एक तास पुढे आहे, नान्ना.
येताना घड्याळात तीन तास गेले,
परत जाताना एकच जाईल.
हसला. मग रेंज गेली.

पोरीने बोटांवर मोजलं :
आपल्यात आणि बाबात साडेचार तास होते,
आता साडेतीन.

बालम्माची बोटं थांबली.
दुपारपासून पहिल्यांदा.
"म्हणजे जवळ आला?"

मी पाटीकडे बघितलं, सव्वापाच लाख अजून तसेच होते.
एक तास, म्हणालो.
आणि वर थोडा.