हेळवाकच्या नाक्यावर

टेम्पोत आंबा होता. आंबे नव्हेत, आंबा:
फोडलेला, सुकलेला, दोरीनं आवळलेला.
दस्तगीर म्हणाला, "सरपण हाय, बाई. जत्रंच्या भंडाऱ्याला.
परवाना हाय, शिक्का हाय, अजून काय पायजे?"

मी विजेरी धरली सालीवर.
भोकं. ज्वारीचा दाणा बसेल एवढी,
आणि त्यांच्याखाली पिवळट भुसा,
जात्याच्या पाळीवर सांडतो तसा.

"मेल्याला कसला आलाय रोग?" तो हसला.

म्हटलं, इंजिन बंद करा.
म्हटलं, इकडे या, कान लावा.

रात्रीचे पावणेदोन. एका ओंडक्याची दोन टोकं,
आगपेटीचा टेलिफोन खेळणारी पोरं जशी, तसे आम्ही दोघं.
कुर्र.
मग काहीच नाही.
मग कुर्र, कुर्र,
घरच्यांना कळू न देता
अंधारात कुणी शिळी भाकरी खातंय.

त्यानं कान चोळला.
"कवाधरनं खातंय हे?"
वर्षभर असेल. पंख फुटेपर्यंत खाईल.
आणि उडेल तिथे, जिथे तुम्ही उतरवाल.

त्याच्या पाठीमागे डोंगर होता. दिसत नव्हता, पण होता.
हिरडा, अंजनी, दोघांच्या कवेत न मावणारे रायवळ,
माझ्या नोंदवहीत नुसते आकडे,
आणि गुराख्यांच्या तोंडी बोडका, थोरली, सखूची सावली.
यांतलं एकही झाड कधी वाळवा तालुक्याला गेलं नाही.
वाळवा तालुकाच निघाला होता इकडे,
चार चाकांवर.

साहेबांना फोन. पंचनामा. सह्या.
नाक्यामागच्या खड्ड्यात त्यानंच ओंडके टाकले,
एकेक, मोजून, पैसे मोजावेत तसे.
"जत्रंवाल्यास्नी काय सांगू?"
सांगा, जत्रा जिथली, सरपण तिथलं.
ठकूताईकडे मोळ्या आहेत, याच डोंगरातल्या, पडीक लाकडाच्या.

आग चांगली लागली. खोटं कशाला बोलू,
हात शेकले आम्ही.
कुर्र थांबलं की नाही, ऐकू येत नव्हतं.

मग तो एकदम गप्प झाला.
"बाई, मल्हारपेठंत दोन वंडके दिल्यात चहावाल्याला.
चहाचं पैसं घीना, म्हून."

नोंदवहीत वेळ लिहिली, तीन दहा.
हेल्मेट घातलं.
गाडीच्या उजेडात रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगाला झाडं,
आणि बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
मी मनातल्या मनात म्हणत होते,
जळू दे रे, लाकूड जळू दे,
मी पोचायच्या आत.